फ्रेंच फायर स्क्रीन

फ्रेंच फायर स्क्रीन म्हणजे घराच्या भिंतीत बांधलेल्या उघड्या शेगडीसमोर (फायरप्लेससमोर) ठेवावयाचा, फ्रान्समध्ये किंवा फ्रेंच शैलीत घडविलेला आडपडदा होय. फ्रेंच भाषेत त्यास 'एक्राँ' किंवा 'एक्राँ द शमिने' म्हणतात. शेगडीजवळ बसणाऱ्यांचे चेहऱ्यास भाजणाऱ्या उष्णतेपासून रक्षण करणे हा त्याचा मूळ उद्देश होता. पुढे उडणाऱ्या ठिणग्या अडविणे, तसेच उन्हाळ्यात शेगडीचे काळे, रिकामे तोंड झाकणे ही कामेही निरनिराळ्या प्रकारच्या पडद्यांकडे आली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत फ्रान्समध्ये या वस्तूची सातत्याने निर्मिती झाली. कोरीव लाकूड, चित्रजवनिका (टॅपेस्ट्री), रेशीम, मुलामा दिलेले कांसे, पितळ, काच व घडीव लोखंड अशा अनेक माध्यमांतील कारागिरी तीत एकत्र आलेली दिसते.

आज जुन्या वस्तूंच्या बाजारात 'फ्रेंच' म्हणून ओळखले जाणारे पुष्कळसे पडदे अठराव्या शतकातील नसून एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत जुन्या शैलींचे अनुकरण करून बनविलेले आहेत. त्यामुळे एखादा पडदा कोणत्या 'शैली'चा आहे आणि तो प्रत्यक्ष कोणत्या 'काळा'तील आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे मानावे लागतात.

नाव व व्युत्पत्ती

'एक्राँ' हा फ्रेंच शब्द मध्ययुगीन डच भाषेतील आडोसा या अर्थाच्या शब्दापासून आला असून त्याचा फ्रेंचमधील सर्वांत जुना अर्थ शेगडीपुढील पडदा हाच आहे. पुढे प्रतिमा ज्यावर पाडावयाची ते पृष्ठ, चित्रपटगृहातील पडदा आणि अखेरीस दूरचित्रवाणी व संगणक यांची काच या सर्वांस हाच शब्द लागू झाला. मराठीत दारावरचा 'पडदा' रंगभूमीवर गेला आणि तेथून 'रुपेरी पडदा' झाला, त्याच धर्तीचा हा अर्थविस्तार आहे.

या वस्तूशी संबंधित इतर फ्रेंच संज्ञांमध्ये पुढील भेद केला जातो :

एक्राँ : उष्णता अडविणारा, बहुधा कापडी पृष्ठभागाचा पडदा.
पार-एतँसेल : ठिणग्या अडविणारा धातूच्या जाळीचा पडदा. 'एतँसेल' म्हणजे ठिणगी.
गार्द-फ : शेगडीच्या तोंडाशी ठेवलेला आगीचा कठडा किंवा संरक्षक जाळी.
देव्हाँ द शमिने : शेगडी वापरात नसताना तिचे तोंड पूर्ण बंद करणारा फलक.
पाराव्हाँ : दारे-खिडक्यांतून येणारा थंड वारा अडविणारा, अनेक पाख्यांचा घडीचा पडदा. हा शेगडीसमोर नव्हे, तर बसणाऱ्यांच्या पाठीमागे उभा केला जाई.

पार्श्वभूमी : उघड्या शेगडीचा दोष

फायर स्क्रीनची गरज उघड्या शेगडीच्या रचनेतूनच निर्माण झाली. अशा शेगडीत तापलेली हवा धुरासोबत धुराड्यावाटे वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतील हवा शेगडीकडे ओढली जाते. ही तूट भरून काढण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते. खोलीला मिळणारी ऊब मुख्यतः ज्वाळा व निखारे यांपासून सरळ रेषेत निघणाऱ्या प्रारित उष्णतेची असते. परिणामी शेगडीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा व गुडघे भाजतात, तर पाठ थंडच राहते. मागे सरकल्यास थंडी आणि पुढे सरकल्यास भाजणे अशी ही अडचण होती.

प्रारित उष्णता सरळ रेषेत जात असल्यामुळे तिच्या मार्गात कापडाचा एक ताणलेला तुकडा धरला तरी तिचा मोठा भाग अडतो. पडदा वर-खाली किंवा बाजूस सरकविता आला, तर पायांना ऊब आणि चेहऱ्याला सावली अशी सोयही करता येते. फायर स्क्रीनचे बहुतेक सर्व प्रकार या एकाच तत्त्वावर आधारलेले आहेत.

भव्य राजवाड्यांत ही अडचण अधिकच तीव्र होती. उंच छतांची दालने उघड्या शेगड्यांनी तापत नसत. १६९५ च्या फेब्रुवारी महिन्यात व्हर्साय येथे राजाच्या भोजनाच्या मेजावर पेल्यांतील पाणी व मद्य गोठल्याचे वर्णन चौदाव्या लुईच्या भावजयीने आपल्या पत्रात केले आहे. अशा परिस्थितीत सर्वजण शेगडीजवळ गोळा होत असल्याने पडद्याची गरज तेथेच सर्वाधिक भासे.

याच काळात शेगडीच्या दर्शनी भागाचे स्वरूपही बदलले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच घरांत शेगडीची संगमरवरी चौकट पूर्वीपेक्षा ठेंगणी करण्यात येऊन तिच्यावर मोठा आरसा बसविण्याची पद्धत रूढ झाली. शेगडी हे दालनातील सर्वांचे लक्ष वेधणारे स्थान बनले आणि तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या पडद्याला सजावटीत अपरिहार्यपणे महत्त्व प्राप्त झाले.

प्रकार

उभा चौकटी पडदा

'एक्राँ आ शवाल' या नावाने ओळखला जाणारा हा अठराव्या शतकातील सर्वांत प्रचलित प्रकार होय. दोन उभे खांब, त्यांच्या तळाशी पुढे-मागे पसरलेले पाय, वर कोरीव शीर्षपट्टी आणि मधोमध कापड ताणलेली चौकट अशी त्याची रचना असते. अनेक नमुन्यांत मधली चौकट खांबांच्या आतील खाचांतून वर-खाली सरकते. काहींत वजनाचा तोल साधून ती हव्या त्या उंचीवर स्थिर राहील अशी योजना केलेली असते. काही पडद्यांना घडीची छोटी फळी जोडलेली असून तिच्यावर पुस्तक, पेला किंवा लेखनसाहित्य ठेवता येई. शेगडीच्या उबेत बसून, चेहरा पडद्याआड ठेवून पत्र लिहिणे अशा फळीमुळे शक्य होत असे.

खांबावरील पडदा

तीन पायांच्या बैठकीवर एक उभी दांडी आणि तिच्यावर वर-खाली सरकणारा लहान गोल, अंडाकृती किंवा चौकोनी फलक असा हा प्रकार आहे. एकट्या व्यक्तीच्या चेहऱ्यापुरती सावली देणे एवढेच त्याचे काम असे. हा प्रकार इंग्लंडमध्ये विशेष लोकप्रिय होता.

हातातील पडदा

पंख्यासारखा, पण घडी न होणारा हा छोटा पडदा पुठ्ठ्याचा असून त्याला लाकडी मूठ असे. अशा पडद्यांच्या जोड्या शेगडीच्या माथ्यावर पाहुण्यांसाठी ठेवल्या जात. अठराव्या शतकातील फ्रेंच हातपडद्यांवर छापील चित्रे चिकटविलेली आढळतात. त्यांत गाजलेल्या नाटकांतील प्रसंग असत आणि मागील बाजूस पद्ये किंवा गाणी छापलेली असत. स्वस्त असल्यामुळे ते मोठ्या संख्येने विकले गेले, परंतु नाशवंत असल्यामुळे फार थोडे टिकले. त्या काळातील लोकरुची समजून घेण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे साधन आहे.

उन्हाळी फलक

उन्हाळ्यात विझलेल्या शेगडीचे तोंड झाकण्यासाठी रंगविलेला कॅनव्हास किंवा लाकडी फलक बसविला जाई. त्यावर बहुधा फुलदाण्या, पाळीव प्राणी, मांडलेले मेज अशी चित्रे असून ती शेगडीच्या कोनाड्यातच प्रत्यक्ष आहेत असा भास निर्माण केला जाई. झाँ-बातिस्त ऊद्री (१६८६–१७५५) या चित्रकाराने असे फलक रंगविले. झाँ-सिमेआँ शार्दँ (१६९९–१७७९) याचे शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असलेले, पांढऱ्या मेजपोसाचे स्थिरचित्रही मुळात अशाच उपयोगासाठी काढले गेले असावे, असे मानले जाते.

ठिणगीरोधक जाळी

एकोणिसाव्या शतकात धातूच्या जाळीचे पडदे विशेष प्रचारात आले. यांत पितळी चौकटीत बसविलेली विणीव जाळी, तीन-चार पाख्यांचा घडीचा पडदा आणि पंख्याप्रमाणे उघडणारा पितळी पडदा हे प्रमुख प्रकार होत. पंख्याच्या आकाराच्या पडद्यात एका बैठकीला जोडलेल्या नक्षीदार पात्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरतात. बैठकीवर स्त्रीमुख, स्फिंक्स किंवा पंख असलेला काल्पनिक प्राणी यांची ओतीव शिल्पे आढळतात.

इतिहास

चौदावा लुई ते सोळावा लुई

चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत (१६४३–१७१५) राजाश्रयाखालील विणकामाच्या कारखान्यांना मोठी चालना मिळाली. पॅरिसमधील गोबलँ (१६६२) व त्यानंतरचा बोव्हे (१६६४) हे कारखाने चित्रजवनिकांसाठी, तर साव्हॉनरी हा कारखाना गालिच्यांप्रमाणे गाठी मारून केलेल्या लोकरी विणकामासाठी प्रसिद्ध होता. साबणाच्या जुन्या कारखान्याच्या जागेत सुरू झाल्यामुळे त्याला हे नाव पडले. भिंतीवरील मोठ्या जवनिकांबरोबरच खुर्च्या, घडीचे पडदे व फायर स्क्रीन यांच्यासाठी लहान मापाचे तुकडे येथे खास विणले जात. बोव्हे येथे ऊद्रीच्या देखरेखीखाली ला फोंतेनच्या नीतिकथांवरील प्राण्यांची चित्रे विणली गेली. खुर्च्यांच्या पाठी व पडदे यांवर ती लोकप्रिय ठरली.

पंधराव्या लुईच्या काळात (१७१५–१७७४) रोकोको शैलीचा प्रभाव पडला. पडद्याची शीर्षपट्टी नागमोडी झाली, पाय बाहेरच्या बाजूस वळले आणि शिंपले, पाने, फुले यांची असममित नक्षी चौकटीवर पसरली. सोळाव्या लुईच्या काळात (१७७४–१७९२) प्राचीन ग्रीक-रोमन वास्तुकलेच्या प्रभावामुळे सरळ रेषा, पन्हाळीदार खांब, पुष्पमाळा, मण्यांच्या ओळी, फिती व धनुष्यबाण ही आकृतिचिन्हे आली.

या काळातील पडदा सहसा सुटा बनविला जात नसे. पलंग, आरामखुर्च्या, बिनपाठीची आसने, घडीचा पडदा आणि फायर स्क्रीन मिळून दालनाचा एक संच होई. सर्व वस्तूंवरील कोरीवकाम व कापड सारखे असे. श्रीमंत घरांत हिवाळा व उन्हाळा यांसाठी वेगवेगळी कापडे असत आणि ऋतू बदलताच पडद्याचे कापडही बदलले जाई. राणी मारी आंत्वानेत हिच्या सँ-क्लू येथील राजवाड्यासाठी झाँ-बातिस्त-क्लोद सने याने १७८८ मध्ये बनविलेला संच याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील कोरीव व रंगविलेल्या चौकटीचा फायर स्क्रीन सध्या न्यू यॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. सँ-क्लूचा राजवाडा १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्धात जळाला. ज्या दालनांसाठी हा पडदा घडविला गेला ती दालने आज अस्तित्वात नाहीत.

क्रांती व साम्राज्यकाळ

फ्रेंच राज्यक्रांतीने या कारागिरीची व्यवस्था मोडीत काढली. १७९१ मध्ये कारागिरांचे व्यवसायसंघ रद्द करण्यात आले. १७९३–९४ मध्ये व्हर्साय येथील सामानाचा लिलाव झाला आणि राजघराण्याचे फर्निचर युरोपभर विखुरले. संचांतील वस्तू एकमेकींपासून तुटल्या. आज एखाद्या संग्रहालयात खुर्च्या आणि दुसऱ्या देशात त्यांचाच पडदा अशी स्थिती आढळते, तिचे एक प्रमुख कारण हे विखुरणे आहे.

नेपोलियनच्या साम्राज्यकाळात (१८०४–१८१५) जड, सरळ बांधणीचे महोगनी पडदे आले. त्यांवर गरुड, विजयमाला, स्फिंक्स व पंख असलेल्या विजयदेवता यांची मुलामा दिलेली कांस्यशिल्पे जडविली जात. ल्यों येथील रेशीम-विणकरांना या काळात राजवाड्यांच्या सजावटीची मोठी कामे मिळाली.

एकोणिसावे शतक : पुनरुज्जीवन व मोठे उत्पादन

दुसऱ्या साम्राज्याच्या काळात (१८५२–१८७०) सम्राज्ञी युजेनी हिला मारी आंत्वानेतच्या स्मृतींविषयी विशेष आस्था होती. १८६७ मध्ये तिच्या पुढाकाराने पेती त्रियानाँ येथे त्या राणीच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले. सोळाव्या लुईच्या शैलीला पुन्हा मागणी आली आणि पॅरिसमधील कार्यशाळांनी अठराव्या शतकातील नमुन्यांच्या प्रतिकृती व त्यांवर बेतलेली नवी फर्निचरे मोठ्या प्रमाणावर तयार केली.

याच सुमारास पॅरिसची पुनर्रचना होऊन नव्या इमारतींतील सदनिकांत खोलोखोली संगमरवरी चौकटीच्या शेगड्या बसविण्यात आल्या. मध्यमवर्गीय घरांतही आता शेगडीच्या साहित्याचा संच लागू लागला. लाकडी ओंडके टेकविण्याचे जोडठोकळे, चिमटा, फावडे आणि त्यांना शोभेल असा पितळी पडदा हे सारे एकाच नक्षीत मिळे. स्त्रियांच्या घेरदार पोशाखाची फॅशनही याच काळातली. मलमल व जाळीदार कापडाचे घोळदार झगे ठिणगीने पेटून मृत्यू ओढवण्याच्या घटना तत्कालीन युरोपात वारंवार घडत. त्यामुळे ठिणगीरोधक जाळी ही केवळ शोभेची वस्तू नव्हती.

आधुनिक शैली व उपयोगाचा अस्त

शेगडीची रचना सुधारण्याचे प्रयत्न बरेच आधी सुरू झाले होते. निकोला गोजे याने १७१३ मध्ये शेगडीमागील पोकळीत हवा तापवून ती खोलीत सोडण्याची पद्धत मांडली. १७९६ मध्ये काउंट रमफोर्ड याने उथळ, तिरप्या बाजूंची व अरुंद घशाची शेगडी सुचविली. मात्र उघड्या शेगडीचे प्रमुख स्थान संपले ते बंद शेगड्या आणि त्यानंतर मध्यवर्ती तापनव्यवस्था यांच्या प्रसारामुळे.

उपयोग घटत असतानाही कलावंतांनी या वस्तूकडे लक्ष दिले. नान्सी येथील एमिल गाले (१८४६–१९०४) याने आर्ट नूव्हो शैलीत लाकडाच्या रंगीत जडावकामाने वनस्पतींची चित्रे असलेले पडदे बनविले. १९२० च्या दशकात एदगार ब्रांट (१८८०–१९६०) याने घडीव लोखंडात आर्ट डेको शैलीचे पडदे घडविले. पडद्याची चौकट व पृष्ठभाग हा भेद त्याने पुष्कळदा मिटविला. लोखंडी वेलबुट्टी हाच पडदा झाला.

साहित्य व कारागिरी

अठराव्या शतकातील एक पडदा पूर्ण होण्यास अनेक व्यवसायांतील माणसे लागत. पॅरिसमधील व्यवसायसंघांचे नियम काटेकोर असल्याने एका कारागिराने दुसऱ्याचे काम करावयाचे नसे. सुतार चौकट जोडी, कोरीवकाम करणारा तिच्यावर नक्षी काढी, रंगारी व वर्ख लावणारा तिला रूप देई आणि गादी-पडद्यांचे काम करणारा 'तापिसिए' कापड ताणून बसवी. विणकर, भरतकाम करणारे व रेशीम-व्यापारी यांचा वाटा निराळाच. पडद्यावर शिक्का मात्र बहुधा एकट्या सुताराचा असतो. त्यामुळे कोरणारे, रंगविणारे व विणणारे हात बहुतांशी अनामिक राहिले आहेत.

लाकूड : रंग किंवा वर्ख द्यावयाच्या चौकटींसाठी बीच, तर लाकडाचा पोत उघडा ठेवावयाचा असल्यास अक्रोड अथवा महोगनी वापरीत. सांधे खाचेत जीभ बसवून व वरून लाकडी खुंटी ठोकून पक्के केले जात. वर्ख लावण्यापूर्वी लाकडावर खडू व सरस यांच्या मिश्रणाचे अनेक थर देऊन, नक्षी पुन्हा कोरून, तिच्यावर तांबूस मातीचा लेप दिला जाई आणि मग सोन्याचा वर्ख चढवून तो घोटला जाई.

कापड : गोबलँ, बोव्हे व ओब्यूसाँ येथील चित्रजवनिका, साव्हॉनरीचे लोकरी विणकाम, ल्योंचे किनखाबी रेशीम आणि घरगुती भरतकाम या सर्वांचा वापर होई. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये छापलेल्या रंगीत चौकटींच्या नमुन्यांवरून लोकरीचे भरतकाम करण्याची पद्धत युरोपभर पसरली आणि घरातील स्त्रियांनी स्वतः भरलेले तुकडे पडद्यांत बसविले गेले.

धातू : ओतीव कांशावर छिन्नीने बारीक काम करून पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देत. सोने व पारा यांचे लोण्यासारखे मिश्रण पृष्ठभागावर लावून ते तापविले, की पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने धातूला घट्ट चिकटे. या पद्धतीने मिळणारी झळाळी अत्यंत टिकाऊ असली, तरी तिची किंमत कारागीर आपल्या आरोग्याने मोजीत. पाऱ्याच्या वाफेमुळे हातांना कंप सुटणे, दात पडणे व अकाली मृत्यू हे या व्यवसायाचे नित्याचे भोग होते. आंद्रे-आंत्वान राव्हरियो (१७५९–१८१४) या कांस्यकाराने मुलामा देणाऱ्यांना या विषबाधेपासून वाचविणाऱ्या उपायाच्या पारितोषिकासाठी मृत्युपत्रात रक्कम ठेवली. रसायनतज्ज्ञ दार्से याने जोरदार हवेच्या ओढीने वाफा बाहेर नेणारी भट्टी तयार केली व १८१८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १८४० नंतर विद्युत्-विलेपनाची पद्धत आली आणि पाऱ्याचा मुलामा हळूहळू मागे पडला. जुन्या पडद्यावरील सोनेरी झळाळीमागे हा इतिहास आहे.

स्वस्त पडद्यांत कांशाऐवजी पितळ, बीड किंवा जस्ताचा मिश्रधातू वापरून त्यावर कांशासारखा रंग दिलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकात मोठ्या आकाराची निर्दोष काच सहज मिळू लागल्यावर पितळी चौकटीत पारदर्शक काच बसविलेले पडदेही तयार झाले. त्यांतून ज्वाळा दिसत, पण ठिणगी बाहेर येत नसे.

प्रसाधनाविषयीची आख्यायिका

स्त्रियांच्या चेहऱ्यावरील मेणयुक्त प्रसाधन उष्णतेने वितळू नये म्हणून फायर स्क्रीन वापरात आले, अशी कथा लोकप्रिय लेखनात वारंवार आढळते. परंतु पडदे पुरुषांच्या अभ्यासिकांत, भोजनगृहांत व सभादालनांतही असत आणि लेखनासाठी फळी जोडलेले नमुने तर सरळसरळ कामकाजासाठीच होते. चेहऱ्याची त्वचा व डोळे यांना होणारा उष्णतेचा त्रास हे कारण पुरेसे असून त्यासाठी प्रसाधनाचा आधार घेण्याची आवश्यकता भासत नाही.

काळ व अस्सलता ओळखणे

व्यापारात सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूस 'अँटिक' म्हटले जाते. त्या अर्थाने १८८० मध्ये पंधराव्या लुईच्या शैलीत बनविलेला पडदाही अँटिक ठरतो, पण तो पंधराव्या लुईच्या काळातील ठरत नाही. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ च्या शासकीय आदेशाने विक्रीच्या वर्णनातील शब्दांचे अर्थ निश्चित केले आहेत. त्यानुसार वस्तूच्या नावापुढे एखाद्या ऐतिहासिक काळाचा निर्देश केल्यास ती त्या काळात तयार झाल्याची हमी विक्रेत्यावर बंधनकारक होते. 'शैली', 'धर्तीचा', 'पद्धतीचा' अशा अर्थाचे शब्द वापरल्यास मात्र काळाची कोणतीही हमी राहत नाही. एका शब्दाच्या या फरकावर किमतीचा फार मोठा फरक अवलंबून असतो.

परीक्षण करताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

शिक्का : पॅरिसच्या व्यवसायसंघाच्या १७४३ मध्ये तयार झालेल्या व १७५१ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार सुताराने आपल्या नावाचा शिक्का लाकडावर ठोकणे आवश्यक होते. मात्र राजदरबारासाठी काम करणारे काही कारागीर या नियमातून मुक्त होते. शिवाय खोटे शिक्केही आढळतात. म्हणून शिक्का नसणे हा दोष नव्हे आणि शिक्का असणे हा निर्णायक पुरावा नव्हे.

हत्यारांच्या खुणा : हाताने रंधलेल्या मागील बाजूवर किंचित उंचसखलपणा जाणवतो. यांत्रिक करवतीच्या समांतर किंवा वर्तुळाकार खुणा दिसल्यास लाकूड एकोणिसाव्या शतकातील किंवा त्यानंतरचे असण्याचा संभव असतो.

झीज : पायांचे तळ, सरकत्या चौकटीच्या खाचा आणि धरण्याची जागा येथे वापराची झीज अपेक्षित असते. सर्वत्र सारखीच झीज दिसणे संशयास्पद होय.

कापड : मूळ कापड क्वचितच टिकते. उष्णता, धूर व प्रकाश यांमुळे ते विरते आणि बदलले जाते. जुन्या चौकटीत नंतरचे कापड असणे हे अस्सलतेस बाधक नाही, मात्र ते वर्णनात नमूद असावयास हवे. उलट, जुन्या जवनिकेचा तुकडा नव्या चौकटीत बसविल्याची उदाहरणेही आहेत.

धातू : पितळ व कांसे यांना लोहचुंबक चिकटत नाही. त्यामुळे रंग दिलेले लोखंड किंवा बीड सहज ओळखता येते. जस्ताचा मिश्रधातू मात्र या कसोटीने ओळखता येत नाही. त्यासाठी न दिसणाऱ्या जागी पृष्ठभागाखालील करडा रंग तपासावा लागतो.

या कसोट्या तज्ज्ञांनाही नेहमी पुरत नाहीत. व्हर्सायच्या संग्रहासाठी अठराव्या शतकातील म्हणून खरेदी केलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले. त्यातील खटल्याचा निकाल २०२५ मध्ये लागून दोषींना शिक्षा झाली. जुने लाकूड, जुनी हत्यारे व पारंपरिक कौशल्य एकत्र आल्यास बनावट वस्तू किती फसवी ठरू शकते, हे त्यातून दिसून आले. खुर्च्या व पडदे एकाच प्रकारच्या कारागिरीतून घडत असल्याने ही सावधगिरी पडद्यांनाही तितकीच लागू पडते.

जतन व सुरक्षित वापर

कापडी पृष्ठभागाचे जुने पडदे सूर्यप्रकाश, दमटपणा व कसर यांपासून जपावे लागतात. वर्ख दिलेल्या लाकडाखालील खडू-सरसाचा थर पाण्यात विरघळतो. त्यामुळे ते ओल्या फडक्याने पुसू नये, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. पाऱ्याचा मुलामा दिलेल्या कांशावर पितळेचे पॉलिश घासल्यास सोन्याचा पातळ थर निघून जातो आणि ही हानी भरून येत नाही. साध्या पितळी पडद्यावरही अनेकदा संरक्षक वार्निश असते. ते काढण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

उष्णता अडविणारा कापडी पडदा आणि ठिणग्या अडविणारी जाळी यांत गल्लत करणे धोक्याचे आहे. कापडी पडदा माणूस व आग यांच्या मध्ये, आगीपासून अंतर राखून ठेवावयाचा असतो. शेगडीच्या तोंडाशी ठेवल्यास तोच पेट घेऊ शकतो. उन्हाळी फलक तर शेगडी विझलेली असतानाच लावावयाचा असतो. पेटत्या शेगडीसमोर धातूची जाळी असलेला, संपूर्ण तोंड झाकणारा पडदाच योग्य होय. जाळी ठिणग्या अडविते, परंतु स्वतः तापते. लहान मुलांनी तिला स्पर्श करू नये यासाठी वेगळा कठडा लागतो.

संग्रह

फ्रेंच फायर स्क्रीनचे महत्त्वाचे नमुने व्हर्साय येथील राजवाडा, पॅरिसमधील सजावटी कला संग्रहालय, लंडनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि न्यू यॉर्कमधील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय येथे आहेत. इंग्लंडमधील वॉडस्डन मॅनर या रॉथ्सचाइल्ड घराण्याच्या वास्तूत साव्हॉनरी विणकामाचा मोठा संग्रह आहे. पॅरिसमधील निसिम द कामोंदो संग्रहालयात अठराव्या शतकातील फर्निचर काचेच्या कपाटांत नव्हे, तर राहत्या घराप्रमाणे मांडलेले आहे. १९३६ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयात शेगडी, आरसा, आसने व पडदा यांचा परस्परसंबंध अभ्यासकास प्रत्यक्ष पाहता येतो.

हे सुद्धा पहा

चित्रजवनिका
रोकोको
आर्ट नूव्हो
आर्ट डेको
व्हर्सायचा राजवाडा
मारी आंत्वानेत